गोदाम आणि जिन्यातला दिवा

इचलकरंजीत जागेची तक्रार जुनी आहे. माग बसवायला शेडमध्ये जागा नाही, बीम ठेवायला जागा नाही, तागे रचायला गोदामात जागा नाही आणि गेली दहा-बारा वर्षं फोनमध्ये जागा नाही. पहिल्या तीन तक्रारींवर माझ्याकडे इलाज नाही. चौथीवर माझं घर चालतं.

मलाबादे चौकातून आत शिरणाऱ्या एका गल्लीत माझं मोबाइलचं दुकान आहे. दहा बाय आठचं. २००६ साली सुरू केलं तेव्हा काउंटरवर रिचार्जची कूपनं, चार चार्जर आणि एक सोल्डरिंग गन एवढाच संसार होता. वडील जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. मीही दोन वर्षं कारखान्यात कांड्या भरल्या, पण त्या खडखडाटात मन रमलं नाही. बारीक कामाची सवय मात्र तिथेच लागली. तुटलेला धागा ज्या नजरेनं शोधायचा, त्याच नजरेनं पुढे चार्जिंगच्या पिनेतला कचरा शोधला.

डिस्प्ले बदलणं, बॅटरी बदलणं, पाण्यात पडलेला फोन जिवंत करणं, ही कामं शिकायला वेळ लागला, पण त्यात फसगत नव्हती. फोन चालू झाला की झाला. फसगत झाली ती 'स्टोरेज' या शब्दात. हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारायचो आणि त्याचे तीन वेगळे अर्थ आहेत हे कळायला मला बरीच वर्षं लागली. मधल्या काळात ज्यांचं नुकसान झालं ती माणसं माझीच गिऱ्हाइकं होती.

आधी हे सांगायला हवं, की आमच्या गावात फोन इतक्या लवकर का भरतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग चालू केला, तेव्हापासून गावाला आवाजाची सवय आहे. कारखान्यात उभं राहून फोनवर बोलताच येत नाही. मग सगळा व्यवहार फोटोवर. कापडात फॉल्ट आला, काढ फोटो. बीम उतरलं, काढ फोटो. सुताचं बिल, तागा मोजल्याची चिठ्ठी, ट्रकचा नंबर, सगळ्याचे फोटो. मजुरीवर कापड विणून देणाऱ्या एका खर्चीवाल्या मागवाल्याच्या फोनमध्ये मी एकदा अकरा हजार फोटो मोजले, त्यातले नऊ हजार कापडाचे होते. उरलेल्यात 'शुभ सकाळ' आणि नातवाचा वाढदिवस. अशा माणसाचा फोन दोन वर्षांत गळ्यापर्यंत भरतो. मग तो दुकानात येतो आणि म्हणतो, "मेमरी फुल्ल म्हणालंय बघा. कायतर करा."

सुरुवातीच्या काळात 'कायतर करा'चं उत्तर सोपं होतं. मेमरी कार्ड. २००८-०९ च्या सुमारास नखाएवढं दोन जीबीचं कार्ड म्हणजे केवढी श्रीमंती होती! दुकानाबाहेर आम्ही सगळेच पाटी लावायचो, 'गाणी भरून मिळतील'. वीस रुपयांत कार्डभर गाणी. ते कायद्यात बसणारं नव्हतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. रात्रपाळीचे कामगार सकाळी थेट इकडे यायचे. कुणाला लावणी, कुणाला कन्नड सिनेमाची गाणी, बिहारकडच्या पोरांना भोजपुरी.

त्या कार्डाचा स्वभाव सरळ होता. कार्ड म्हणजे गोदाम. शेडमध्ये माल मावत नाही, तर शेजारी गोदाम घ्या. गोदामात ठेवलेला माल गोदामातच राहतो. शेडमध्ये आग लागली तर गोदाम वाचतं. गोदाम जळालं तर त्यातलं सगळं गेलं. कार्ड एका फोनमधून काढून दुसऱ्यात घाला, गाणी वाजतात. यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

गोदामही फसवू शकतं, हे एका घाऊक व्यापाऱ्याकडून आणलेल्या वीस कार्डांनी शिकवलं. वर छापलेलं ३२ जीबी, फोनमध्ये घातलं तरी दिसायचं ३२ जीबी, आतली खरी जागा मात्र चार जीबीच्या आसपास. अशा कार्डात माल भरत राहिलं की ते तक्रार करत नाही. चार जीबीनंतरचं नुसतं घेतल्यासारखं करतं. यादीत फोटोची नावं दिसतात, उघडायला गेलं की काळा चौकोन. पंधरा दिवसांत एकामागून एक माणसं परत येऊ लागली. चौदा जणांचे पैसे परत केले. फोटो कुणाचेच परत करता आले नाहीत. तेव्हापासून कार्ड विकण्याआधी ते कॉम्प्युटरला लावून शेवटपर्यंत भरून बघतो. त्याला वेळ लागतो, गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

दुसरा धडा खळीतून आला. एका सायझिंगमधल्या माणसाचा फोन सुताला लावायच्या खळीत पडला. पाण्यात पडलेला फोन वाळवता येतो, पण खळ वाळली की आत सिमेंट होतं. बोर्ड मेला. माणूस मात्र निवांत होता. "फोन गेला तर गेला, कार्ड हाय की." मी कार्ड पुसून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, तर फोन म्हणाला, हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करा. कारण सहा महिन्यांपूर्वी मीच ते कार्ड 'इंटर्नल' करून दिलं होतं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ही सोय आली होती. काही फोनमध्ये कार्ड फोनच्याच पोटात जोडून घेता यायचं, ॲपसुद्धा त्यावर टाकता यायची. गिऱ्हाईक खूश व्हायचं. पण तसं केलं की कार्डावरचं सगळं कुलूपबंद होतं आणि किल्ली त्याच फोनमध्ये राहते. फोन मेला की किल्लीही मेली. त्या माणसाला मी हे आधी सांगितलं नव्हतं. सांगायला मला माहीतच नव्हतं.

आता मूळ विषयाकडे येतो.

गुगल फोटोज २०१५ च्या मे महिन्यात आलं, तेव्हा आमच्याकडे त्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. एक जीबीचं पॅक महिनाभर पुरवून वापरायचे दिवस होते, फोटो वर चढवायला नेट कोण घालवणार? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दोन-तीन महिन्यांत चित्र पालटलं. नेट फुकट, आणि थोडी क्वालिटी कमी करून घ्यायची तयारी असेल तर फोटोही अमर्याद फुकट. मला वाटलं, आता कार्ड विकायचे दिवस संपले. आता आकाशातच गोदाम मिळालं.

मी प्रत्येकाला तेच सांगू लागलो. जीमेल काढून द्यायचो, बॅकअप चालू करून द्यायचो, वाय-फायवर रात्रभर फोन ठेवून घ्यायचो आणि सकाळी म्हणायचो, "तुमचे फोटो वर गेले. आता इथले उडवले तरी चालतील." माझ्या तोंडी 'वर' हा शब्द तेव्हापासून बसला. लोकांच्याही तोंडी बसला. शिवाय हे काम करायचे मी पन्नास रुपये घ्यायचो.

एक मावशी होत्या. कारखान्यात घडीचं काम करायच्या. २०१८ ची दिवाळी होऊन गेली होती. त्यांचे यजमान जॉबर होते, माझ्या वडिलांच्या ओळखीतले. ते उन्हाळ्यात वारले होते. मावशींचा फोन १६ जीबीचा, कंपनीच्या सॉफ्टवेअरनंच निम्मा खाल्लेला. व्हॉट्सॲप उघडेना, व्हिडिओ कॉल लागेना, लेक पुण्यात बाळंतीण. "नातीचं तोंड दिसंना झालंय, जागा करून द्या."

मी बघितलं, बॅकअप झालेला होता. प्रत्येक फोटो वर गेल्याची खूण दिसत होती. मी त्याच फोटोच्या ॲपमध्ये बोट दाबून धरलं, वरपासून खालपर्यंत सगळे निवडले, डबा दाबला. तरी जागा होईना, कारण उडवलेले फोटो ॲपच्या कचरापेटीत पडून असतात. मग कचरापेटीही रिकामी केली. 'कायमचे जातील' असं काहीतरी फोन विचारत होता. दिवसातून शंभर वेळा फोन काहीतरी विचारतोच. मी 'हो' म्हणालो. साडेचार जीबी मोकळे झाले. मावशींनी माझ्यासमोरच लेकीला व्हिडिओ कॉल लावला, नातीचं तोंड बघितलं आणि पन्नास रुपये देऊन गेल्या.

पंधरा-वीस दिवसांनी परत आल्या. "ह्यांचे फोटो तुम्ही वर हाईत म्हटला हुतासा. तेवढे खाली काढून द्या की. वर्षश्राद्धाला मोठा फोटो करायचाय."

मी ॲप उघडलं. रिकामं होतं. कॉम्प्युटरवर त्यांचं खातं उघडलं. तिथेही रिकामं. कचरापेटी उघडली, ती तर मीच धुऊनपुसून ठेवली होती. वर काही नव्हतं, खाली काही नव्हतं. मावशी काउंटरला टेकून उभ्या होत्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मी खोटं बोललो. म्हणालो, नेट स्लो आहे, उद्या या.

त्या रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून मी दोन फोन समोर ठेवले, दोन्हीत माझंच खातं. एका फोनवर पंख्याचा फोटो काढला. थोड्या वेळानं तो दुसऱ्या फोनवर आला. दुसऱ्या फोनवरून तो उडवला. मिनिटभरात पहिल्यावरूनही गेला. पुन्हा काढला, पुन्हा उडवला. असं किती वेळ करत बसलो होतो, लक्षात नाही. घरी गेलो, जिन्यात खालच्या बटणानं दिवा लावला, वर चढलो आणि सवयीनं वरच्या बटणानं विझवला. आणि तिथेच अंधारात उभा राहिलो.

जिन्यात दिवा एकच असतो, बटणं दोन. खालून लावा, वरून विझवा. वरच्या बटणापाशी वेगळा दिवा नसतो. मी दोन वर्षं गिऱ्हाइकांना सांगत होतो की तुमच्याकडे आता दोन दिवे झाले, खालचा विझवला तरी वरचा जळत राहील. फोन आणि खातं सारखं ठेवण्याच्या या सोयीला सिंक म्हणतात. सिंक म्हणजे दुसरं गोदाम नाही, दुसरं बटण आहे. खात्याला जोडलेला प्रत्येक फोन, प्रत्येक कॉम्प्युटर हे त्या एका दिव्याचं एकेक बटण. तुम्ही घातलेली भर सगळीकडे पोहोचते आणि तुम्ही केलेली वजाबाकीही सगळीकडे पोहोचते. जे यंत्र प्रामाणिकपणे सगळीकडे सारखं ठेवायचं काम करतं, त्याला 'हे मात्र सारखं ठेवू नकोस' हे कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी त्याच ॲपमध्ये वेगळी सोय आहे, जागा मोकळी करायची. ती फक्त फोनमधल्या प्रती काढते, तेही वर पोहोचलेल्या फोटोंच्याच. ती सोय आणि मी दाबलेला डबा यांच्यात बोटभर अंतर होतं.

दुसऱ्या दिवशी मावशींना खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग ते पन्नास रुपये कशाचे घेतले?" एवढंच विचारलं. मग मी त्यांच्या भाच्याला, लेकीला, कारखान्यातल्या दोघा-तिघांना फोन लावले आणि व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे गेलेले अकरा फोटो मिळवले. व्हॉट्सॲपवर फोटो दाबून बारीक झालेला असतो, मोठा केला की फुटतो. त्यातला एक, मागापाशी उभं राहून हसतानाचा, फोटो स्टुडिओवाल्यानं जमेल तेवढा साफ करून दिला.

एवढं झाल्यावर मी कामाची पद्धत बदलली, असं लिहायला छान वाटलं असतं. प्रत्यक्षात मी कित्येक महिने हे कामच बंद ठेवलं. कुणी 'जागा नाही' म्हटलं की नवा फोन घ्या म्हणायचो. भीती बसली होती.

ती भीती गेली २०१९ च्या ऑगस्टात. पंचगंगेचं पाणी नदीवेस आणि गावभागात शिरलं, माणसं जनावरांसकट वर सरकली. पाणी उतरल्यावर दुकानात रोज पिशव्या भरून फोन यायचे. कुणी तांदळात घालून आणलेले, कुणी उन्हात वाळवून वाकडे केलेले. एका कुटुंबाचे चारपैकी एकही फोन वाचला नव्हता, आणि लग्नाचा अल्बम चिखलात भिजून त्याची वीट झाली होती. त्यांच्यातल्या एका सुनेनं विचारलं, तुम्ही मागे जीमेल काढून दिलं होतं, त्याचं काही होईल का? नंबरचं डुप्लिकेट सिम काढून आणलं, ओटीपी आला, दुकानातल्या एका जुन्या फोनवर खातं उघडलं. आधी राखाडी चौकोन दिसले. मग एकेक भरत गेला. हळदीचे, वरातीचे, मुलाच्या बारशाचे. सासूबाई दुकानाच्या पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत होत्या आणि सून म्हणत होती, "ह्यातला एकबी आता उडवू नगासा." तिला काय कळलं होतं ते मला बरोबर कळलं.

तिथे मला क्लाउडची खरी किंमत कळली. ती जागेची नाही. फोनमधली जागा वाढवणं हा तिचा जोडधंदा. खरा उपयोग असा, की घर ज्या पाण्यात बुडालं त्या पाण्याच्या आवाक्याबाहेर तुमचं काहीतरी राहतं. मेमरी कार्ड चांगलं गोदाम आहे, पण ते फोनबरोबर बुडतं.

त्याच पुरानं माझी आणखी एक चूक उघडी केली. त्या सुनेचा पासवर्ड तिला आठवत नव्हता. तो माझ्या वहीत होता. दोनशे पानी वही, गेल्या कित्येक वर्षांत काढून दिलेल्या जीमेलचे पत्ते आणि पासवर्ड. बहुतेकांचे पासवर्ड एकाच छापाचे, नाव आणि मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे. गिऱ्हाइकाला लक्षात राहत नाही म्हणून मी सोयीसाठी लिहून ठेवायचो. पुराच्या दिवसांत ती वही देवासारखी वाटली. नंतर एका रात्री नुसती चाळली तेव्हा अंगावर काटा आला. गल्लीतल्या निम्म्या घरांचे फोटो, पत्रं, कुठे कुठे गेले त्याचा नकाशा, सगळं माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होतं आणि ड्रॉवरला कुलूपही नव्हतं. लॉकडाऊनमध्ये वेळच वेळ होता. एकेकाला बोलावून पासवर्ड बदलायला लावला, त्यांच्या हातानं, मी तोंड फिरवून. मग वही बंबात घातली. आता कुणी 'तुम्हीच ठेवा लिहून' म्हटलं तर मी कोऱ्या कागदाचा तुकडा पुढे करतो आणि सांगतो, रेशन कार्डाबरोबर ठेवा.

जिन्यातल्या दिव्याचा उपयोग पुढे बऱ्याचदा झाला. एका सूत व्यापाऱ्याच्या दिवाणजींनी नवा फोन घेतला आणि जुना विकायला काढला. माणूस हिशेबी. जुन्या फोनमधले व्यापाऱ्यांचे नंबर परक्याच्या हाती जाऊ नयेत म्हणून बसून एकेक नंबर खोडला. साडेतीनशे. संध्याकाळी नव्या फोनवरून मालेगावला फोन लावायला गेले तर यादी कोरी. घामाघूम होऊन आले. "अहो, मी जुन्यातले खोडले, नव्यातले कुणी खोडले?" मी त्यांना जिना, दिवा, बटण सांगितलं. ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत ते नव्हते. पण तोवर मी थोडा शहाणा झालो होतो. गुगलच्या कॉन्टॅक्टच्या वेबसाइटवर तीस दिवसांपर्यंत यादी मागच्या वेळेवर नेऊन ठेवता येते. दोन दिवस मागे नेली, सगळे नंबर परत. दिवाणजींनी दुकानात साखर वाटली. जुना फोन विकताना आधी त्यातून खातं बाहेर काढायचं, मगच फोन पुसायचा, हा क्रम मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

डीकेटीई कॉलेजात टेक्स्टाइल शिकणाऱ्या एका मुलाची गोष्ट उलट्या बाजूची. त्यानं आपला जुना आयफोन धाकट्या बहिणीला दिला, आपलं खातं आत तसंच ठेवून. बहिणीनं 'दादाचे फालतू फोटो' उडवून स्वतःला जागा केली. फालतू म्हणजे त्याच्या प्रोजेक्टचे, कापडाच्या विणीचे. त्याच्या नव्या फोनमधून ते गेले. 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ते तीस दिवस राहतात म्हणून वाचला, तो सतराव्या दिवशी आला होता. घरात चार फोन आणि एकच खातं, ही आपल्याकडची फार आवडती पद्धत. एक रेशन कार्ड, एक गॅस, एक जीमेल. मग बापाच्या फोनमध्ये पोराचे कॉलेजातले फोटो आपोआप येतात आणि घरात वेगळीच महाभारतं होतात. त्यात मी पडत नाही. खाती वेगळी करून देतो.

१ जून २०२१ पासून फुकटचं अमर्याद संपलं. तेव्हापासून नवे फोटोही १५ जीबीत मोजले जातात आणि त्याच १५ जीबीत जीमेल आणि ड्राइव्हही असतं. हे तिन्ही एकाच पिंपात आहेत हे बहुतेकांना माहीत नसतं. एका मागवाल्याला वर्षभरानं मेल यायच्या बंद झाल्या. ऑर्डरच्या पीडीएफ येईनात, पार्टी म्हणायची पाठवलंय, हा म्हणायचा मिळालं नाही, प्रकरण भांडणापर्यंत गेलं. बघितलं तर पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओंनी पिंप भरलेलं. भरलं की मेल आत येत नाही. वऱ्हाडानं धंद्याची वाट अडवली होती. पुढे २०२४ मध्ये अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच १५ जीबीत धरला जाऊ लागला, तेव्हा अशी माणसं दुपटीनं आली.

मग लोक पैसे भरून वरची जागा विकत घेऊ लागले. महिन्याला १३० रुपये, १०० जीबी. एक उत्तर प्रदेशचा कामगार रागानं लाल होऊन आला होता. फोन ३२ जीबीचा, 'स्टोरेज फुल्ल' आलं, त्यानं १०० जीबी घेतले, तरी फोन म्हणतोय फुल्लच. त्याच्या मते त्याच्याकडे आता १३२ जीबी होते. त्याचं गणित चूक म्हणता येत नाही, शब्द तोच वापरलेला आहे. त्याला म्हणालो, तू गावाबाहेर गोदाम भाड्यानं घेतलंस, पण माल अजून शेडमध्येच आहे. माल तिकडे पोहोचू दे, मग शेडमधली प्रत काढू. आणि ध्यानात ठेव, माल बघायचा तर गोदामापर्यंत जावं लागणार, म्हणजे नेट लागणार. तो हसला, म्हणाला, मग गावी जाताना रेल्वेत बायकोचा फोटो दिसणार नाही का? रेंज नसेल तर नाही. दोन फोटो फोनमध्येच ठेवले.

व्हॉट्सॲपचं आणखी एक सांगतो, कारण इथे रोज कुणीतरी पडतं. फोटोच्या ॲपमध्ये बॅकअप चालू असला तरी बहुतेक फोनमध्ये तो कॅमेऱ्याच्या फोटोंचाच असतो. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरात असतात, ते फोल्डर वेगळं चालू करावं लागतं. आपल्या गावाचा निम्मा धंदा त्याच फोल्डरात आहे.

आता माझ्याकडे कुणी जागा मागायला आलं की मी लगेच बोट लावत नाही. आधी गिऱ्हाइकाला विचारतो, यातलं काय गेलं तर रडाल? माणसं हसतात, मग विचार करतात, मग तीस-चाळीस फोटो दाखवतात. ते मी पेन ड्राइव्हवर घेऊन त्यांच्या हातात देतो. पेन ड्राइव्ह फोनला जोडलेला नसतो, खात्याला जोडलेला नसतो, कुठल्याही बटणाला तो जुमानत नाही. त्याला बॅकअप म्हणायचं. कागदाची झेरॉक्स काढून बहिणीच्या घरी ठेवावी, तसं. मूळ कागद फाडला म्हणून बहिणीच्या घरची झेरॉक्स फाटत नाही. मग दुकानातल्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाला स्वतःचं खातं उघडायला लावतो आणि वरचे फोटो खरोखर उघडतात का ते त्यांच्याच डोळ्यांनी बघू देतो. त्यानंतर जागा मोकळी करतो. याला पाऊण तास लागतो. शेजारच्या दुकानात पाच मिनिटांत होतं. तिकडे गर्दी जास्त असते.

मावशी अजून येतात. रिचार्ज माझ्याकडेच करतात, पैसे मोजून देतात आणि सुट्टे परत मोजून घेतात. गेल्या वर्षी लेकीनं त्यांना १२८ जीबीचा फोन घेऊन दिला. सेटिंग करून द्यायला त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला, पण हातातून सोडला नाही. "तुम्ही सांगा, बटण मी दाबते," म्हणाल्या.

मी सांगत गेलो, त्या दाबत गेल्या.